मिश्रीबाई, मुक्काम हिरडी

सौ. मिश्रीबाई यांस,


पत्र उघडंच लिहिते आहे, कारण तुमचा एक असा पत्ता नाही. असल्फ्याच्या टेकडीवर तुम्ही स्टीलच्या डबीत असता, बोरिवलीच्या काजूपाड्यात कनवटीला, आणि सकाळी अंधेरीच्या टॉवरांत कामाला निघालेल्या मावशींच्या पाकिटात, लोकलच्या पासाशेजारी. कोकणात मशेरी, घाटावर मिसरी. इतकी नावं सहसा पोलिसांच्या यादीतल्या माणसांना असतात, पण तुमच्यावर साधा अर्जही कुणी केलेला नाही. म्हणून आधी अभिनंदन.

अभिनंदन कशाचं? दारू व्यसन, विडी व्यसन, गुटखा व्यसन, तुम्ही मात्र ‘दात घासणं’! दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘तंबाखू खाता का?’ आमच्या आजी पदर सावरून म्हणतात, ‘छे, तसलं काही नाही हो.’ केसपेपरवर ‘नाही’ पडतं. खोटं कुणीच बोललेलं नसतं. तुम्हाला खात नाहीत, लावतात. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, दुपारी जरा टेकल्यावर एकदा, आणि रात्री झोप येत नाही म्हणून. दिवसातून इतक्यांदा दात घासणारी माणसं टूथपेस्टच्या जाहिरातीतही सापडणार नाहीत.

तुमचा जन्म मात्र झाकून राहत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायला घेतली की अख्ख्या गॅलरीला ठसका लागतो. पुडीवर सरकारने सडलेल्या तोंडाचं भलंमोठं चित्र छापलेलं असतं. ते पुडीबरोबर कचऱ्यात जातं आणि तुम्ही कोऱ्या डबीत, साळसूद. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. तो स्टेशनाबाहेर कसा मिळतो, हा विषय वेगळा. तुम्हाला या दोन्हींची झळ लागली नाही, कारण घरच्या तव्यावर धाड घालणारा इन्स्पेक्टर अजून नेमला गेलेला नाही.

आता तुमच्या सफाईकडे वळू. दातांवर रोज एक चिकट थर बसतो, त्यात जंतू असतात. तो निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, त्याचं किटण होतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या अंगाला ते सर्वांत आधी धरतं, कारण लाळेच्या ग्रंथी तिथेच, जिभेखाली उघडतात. तिथे आजींचं बोट जात नाही. दोन दातांच्या फटीत तर नाहीच नाही. तुमचं सगळं शौर्य आरशात दिसणाऱ्या बाजूला, आणि तिथेही घासून घासून हटते ती हिरडी. मूळ उघडं पडतं, दात लांब दिसू लागतात, माठातलं पाणी प्यालं तरी कळ मस्तकात जाते. त्या कळेवर इलाज कोण? तुम्हीच! चिमूटभर चोळलं की घटकाभर बधिर. दुखणं आणि औषध एकाच डबीतून पुरवण्याची ही युक्ती कुठल्याही कंपनीने तुमच्याकडून शिकावी.

तुमचे चुलतभाऊ सिगारेटराव यांची एक खोड दंतवैद्यांना चांगली ठाऊक आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे त्यांच्या गिऱ्हाईकांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आतला आजार झाकला जातो. रक्त दिसत नाही म्हणजे हिरडी ठणठणीत, असा समज होतो. एरवी हिरडीची पहिली तक्रार तीच: थुंकीत लाली, पेरूच्या फोडीवर डाग. मग हिरडी सुजते, तोंडाला वास येतो, दातांत फटी पडतात, दाबलं की पू येतो, आणि एक दिवस भाकरीच्या तुकड्याबरोबर दात हलतो. लोक याला पायरिया म्हणतात आणि वयावर ढकलतात. वय बिचारं कोर्टात येऊन साक्ष देत नाही.

कॉम्प्लेक्समधल्या मंडळींनी इथे हसू नये. त्यांच्या घरी तुम्ही नसाल, पण ‘क्लीनिंग केलं की दात हलतात’ हे वाक्य असतं, आणि ते तुमच्याइतकंच कामाचं आहे. हाड आधीच झिजलेलं असतं, फटीत किटण घट्ट बसलेलं असतं. ते काढलं की रिकामी फट दिसते, हलणारा दात हलताना कळतो. दोष येतो काढणाऱ्यावर. दुसरी अशीच समजूत: रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावायचा नाही. जिथे घाण साचून रक्त येतं, तीच जागा नेमकी वगळायची!

नुसती सूज असेल तोवर सगळं परत जागेवर येतं, मिश्रीबाई, हे तुम्हाला आवडणार नाही. किटण काढून घेतलं, मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दोन वेळा दोन-दोन मिनिटं फिरवला, फटींत धागा किंवा बारीक ब्रश घातला, की हिरडी शांत होते. हाड झिजलं असेल तर ते आपोआप भरून येत नाही. हिरडीखालून मुळं साफ करतात, कधी हिरडी उघडून करावी लागतात, आणि झीज तिथेच थांबवतात. साखरेचा त्रास असेल तर हिरडी लवकर बिघडते, आणि बिघडलेली हिरडी साखर आवरू देत नाही. बोरिवली-अंधेरीकरांना मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे, मुलुंड-घाटकोपरवाल्यांना सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय. रांग असते. पण खाजगी दवाखान्याचं बिल पाहिलं की रांग बरी वाटते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर मात्र रांगेचा विचारसुद्धा न करता लगेच दाखवून यावं.

तुमची कीर्ती हिरडीपुरती नाही, हेही मान्य करते. १९९२ ते १९९४ मध्ये मुंबईत पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख माणसांची पाहणी झाली. त्यातल्या निम्म्याहून जास्त बायका तंबाखू वापरत होत्या, बहुतेक सगळ्या बिनधुराची, आणि त्यात पहिला मान तुमचा. २००४ साली मुंबईतल्याच १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. बाळाला दात यायच्या आधीच तुम्ही त्याच्या घरी पोचलात, याला म्हणतात चिकाटी.

डॉक्टरांना आम्ही एवढंच सांगितलं आहे की ‘तंबाखू खाता का?’ विचारून थांबू नका, ‘मिश्री लावता का?’ असं नाव घेऊन विचारा. गेल्या महिन्यापासून आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात तसं विचारतात. आजी आधी लाजतात, मग डबी काढून दाखवतात.

आपली,
घाटकोपर पश्चिमेची एक शेजारीण

ता. क.: तुमच्या कच्च्या मालाच्या पुडीवर त्या चित्राजवळ एक फोन नंबरही छापलेला असतो, १८००-११-२३५६. फुकट आहे, तंबाखू सोडायला मदत करणारी माणसं बोलतात. पुडी फेकायच्या आधी तेवढा तुकडा कापून घ्यायचं आमच्या मजल्यावर ठरलं आहे. डबीच्या झाकणावर चिकटवायला.