तोंड समोर!

बत्तीस वर्षं गावच्या हायस्कुलात पी.टी. शिकवून सर निवृत्त झाले. जूनमध्ये शाळा भरली आणि त्यांच्या लक्षात आलं की शिट्टी आहे, पोरं नाहीत. मग नजर गेली गोठ्यामागं कोंबड्यांची वस्ती झालेल्या, वडिलांच्या एचएमटी झेटर २५११ ट्रॅक्टरवर. एचएमटीनं १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीनं पिंजोरला बनवायला घेतलेला हा पंचवीस हॉर्सपॉवरचा, दोन सिलिंडरचा गडी.

"मिस्त्री कशाला? इंजिन म्हणजे शेवटी शिस्तच!" सर म्हणाले. आयुष्यात त्यांनी सायकलची चेनसुद्धा दुसऱ्याकडून बसवून घेतली होती.

इंजिन उतरलं. अंगणात पोती अंथरली गेली आणि नटबोल्टना हजेरी नंबर मिळाले. वॉशर उंचीप्रमाणे, पुशरॉड पुठ्ठ्याच्या भोकांत क्रमानं. सकाळी सातला मोजणी. एकदा सतरा नंबरचा बोल्ट गैरहजर निघाला. तो नातवाच्या खिशात सापडला. नातवाला दहा उठाबशा. बेरिंगच्या कॅपा मात्र जिथल्या तिथं राहिल्या, एकीची दुसरीला लागली नाही. भल्याभल्या हेल्परना हे जमत नाही.

नव्या रिंगा आल्या. रिंग एका जागी चिरलेली असते. ते तिचं तोंड. सरांनी अर्धा दिवस खपून त्या पिस्टनवर चढवल्या, दोरा लावून तपासल्या, आणि मगच कौतुक करून घ्यायला मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री वाकला. पिस्टन फिरवून पाहिला.

"सर, सगळ्यांची तोंडं एका ओळीत कशी काय आली?"

"आली नाहीत. आणली!"

"अहो, मग सगळं कॉम्प्रेशन त्याच वाटेनं पळून जाईल की! तोंडं चारी बाजूंना फिरवायची. एकीनं सोडलं तर खालचीनं अडवायचं."

सर पिस्टनकडे बघत राहिले. मग मिस्त्रीकडे. आठवी ब, शेवटची रांग.

"तुला मी रोज ग्राउंडला फेऱ्या मारायला लावायचो. कशाबद्दल रे?"

"रांगेत तोंड भलतीकडं असायचं म्हणून, सर."

सरांनी घसा खाकरला. गळ्यातली शिट्टी काढून पोत्यावर, सतरा नंबरच्या शेजारी ठेवली.

"मग बस इथं," ते पिस्टन पुढं करत म्हणाले, "आणि दाखव, तू कसा उभा राहायचास."