मूर, मायकल आणि ‘मॅन’

शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 मध्ये मराठीत आणला. पुढे 1890 मध्ये देवलांनी त्याचा ‘झुंजारराव’ केला आणि गणपतराव जोशींनी तो गाजवला. काळ्या मूर नायकाच्या कातडीची अडचण अशी बारशातच मिटली. लंडनला मात्र 1964 सालीही लॉरेन्स ऑलिव्हिए अंगाला काळं फासून उभे राहत होते; पॉल रोबसन हा कृष्णवर्णीय नट त्याच शहरात 1930 मध्येच ऑथेल्लो करून गेला होता, तरीही.

आपल्याला रंगाची डबी लागत नाही.

गिरगावातल्या साहित्य संघाच्या नाट्यगृहापासून ख्रिस्ती वस्तीची खोताची वाडी पायी जाण्याच्या अंतरावर. पण रंगमंचावर ख्रिस्ती शेजारी हवा असला की एखाद्या कुलकर्ण्याच्या गळ्यात क्रूस, डोक्यावर हॅट, हातात बाटली आणि दर वाक्याला ‘मॅन’. झाला मायकल तयार!

वाडीतल्या कौलारू घराच्या लाकडी जिन्यावर बसलेली ईस्ट इंडियन आजी बोलते ती मराठीच. लग्नात लुगडं, गाणीही मराठी. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाने घेतलं 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. गोवा-मंगळूरहून नोकरीला आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण निराळे, हे साहेबाला कळावं म्हणून. साहेबाला कळलं; नाट्यनिर्मात्याला अजून कळायचंय.

उद्या ही आजी ऑडिशनला गेलीच, तर तिचं मराठी ऐकून तिला कोळणीचं काम देतील. ख्रिश्चन वाटत नाही म्हणून.