सहाव्या विषयाचं वेड

"बाई, तुम्हीच सांगा हिला. वेडी झालीय ती." मागच्या जूनमध्ये एका विद्यार्थिनीच्या आईने मला चाळीच्या जिन्यातच गाठलं. हातात भाजीची पिशवी, मागे मान खाली घालून उभी असलेली मुलगी. दहावीचं वर्ष सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. "रोज संध्याकाळी सोशलचं पुस्तक घेऊन बसते. सोशल काय कामाचं? बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये तेच तर सुटणार आहे!"

मी त्या जिन्यात मुलीची बाजू घेतली आणि आजही तिचीच घेते. गिरगावात गेली कित्येक वर्षं मी शिकवण्या करते. विषय निवडताना शहाणपणा कशाला म्हणतात आणि वेडेपणा कशाला, हे मला पाठ आहे. त्यातला वेडेपणा मला जास्त मोलाचा वाटतो.

आधी हिशेब नीट मांडते, कारण पुष्कळ पालकांचा तिथेच घोटाळा होतो. राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय, प्रत्येकी १०० गुण. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. गणिताचे दोन भाग ४०-४० गुणांचे, विज्ञानाचेही तसेच. सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा, भूगोलाचा ४० चा. उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. उत्तीर्ण व्हायला सहाही विषयांत पास व्हावं लागतं, पण टक्केवारी धरतात ती सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांची, ५०० पैकी. ही पद्धत २०१० साली आली. अकरावीच्या प्रवेशात आपली मुलं इतर मंडळांच्या मुलांच्या मागे पडू नयेत, हा तिच्यामागचा विचार. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी पुन्हा लागू होऊ दिली.

या नियमाशी माझं भांडण नाही. गणितात अडखळणारी, पण बाकी सगळीकडे चमकणारी कितीतरी मुलं त्याने वाचवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. परीक्षेनंतर, निकाल हातात आल्यावर जे गळायचं, ते आता जूनमध्येच गाळून टाकतात. कुठला विषय 'सुटणार' हे मुलाने पुस्तक उघडायच्या आधीच घरात ठरलेलं असतं. आणि बहुतेक घरांत तो सहावा विषय म्हणजे सामाजिक शास्त्रे. पस्तीस मिळाले की झालं.

त्या मुलीने आठवीतही असाच वेडेपणा केला होता. आठवीला संस्कृत येतं आणि घरोघर एकच शब्द घुमू लागतो: स्कोरिंग. फुल संस्कृत घ्या, पैकीच्या पैकी मिळतात. तिने संयुक्त घेतलं, म्हणजे हिंदी अर्धं आणि संस्कृत अर्धं. गुण तेवढेच शंभर, पेपर मात्र दोन, व्याकरणंही दोन. आईने कपाळावर हात मारला. मी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, मला दोन्ही आवडतात." विषय निवडायला याहून चांगलं कारण मी आजवर ऐकलेलं नाही. संपूर्ण संस्कृतच्या पुस्तकाचं नाव 'आमोद' आणि संयुक्तच्या पुस्तकाचं 'आनंद'. ज्यांनी ती नावं दिली, त्यांच्या मनात गुणांचा हिशेब नसावा असं मला मनापासून वाटतं.

संस्कृत जरूर घ्यावं, पण त्या भाषेसाठी घ्यावं. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजला जाऊन ते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले. वनस्पतिशास्त्राचं पारितोषिकही पटकावलं. मग आयसीएसला पहिले. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यानंतर देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्या पदाचा राजीनामा. याच माणसाने कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत समश्लोकी अनुवाद केला. संस्कृत, झाडं, खडक, पैसा: आजच्या कुठल्याही समुपदेशकाने या मुलाला दिशा सापडलेली नाही म्हणून घरी पाठवलं असतं. ज्यांच्या नावाची ती शिष्यवृत्ती, त्या नाना शंकरशेटांनाही त्यांच्या काळातल्या शहाण्यांनी थोडं का ऐकवलं असेल! १८४८ साली स्थापन झालेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी त्यासाठी स्वतःची जागा दिली. मुलींनी शिकून काय करायचं, हा तेव्हाचा शहाणपणा होता.

नानांच्याच नावाचा रस्ता आमच्या खोताच्या वाडीच्या तोंडाशी आहे. जुलैत पाऊस थोडा उघडल्यावर एका शनिवारी मी त्या मुलीसह पाच-सहा जणींना वाडीत घेऊन गेले. भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच धडा 'क्षेत्रभेट'. हा धडा बसून वाचायचा नाही, तो चालायचा आहे. निघताना बजावलं होतं की इथे माणसं राहतात, हळू बोलायचं, कुणाच्या व्हरांड्याचे फोटो काढायचे नाहीत.

दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची जोडीने ओळख करून देतं. मुलांना वाटतं, ब्राझीलशी आपला संबंध काय? मीही पूर्वी तो भाग घाईघाईने उरकायची. वाडीत त्या लाकडी घरांसमोर उभं राहिल्यावर मुलीने विचारलं, "बाई, ही घरं पोर्तुगीज धाटणीची म्हणतात ना? आणि ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात. मग ते तिकडूनच इकडे आले का?" मी थक्क झाले, कारण तिने सहज विचारलेलं अक्षरशः घडलेलं आहे. १५०० साली काब्राल पोर्तुगालहून निघाला, एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि तोच ताफा घेऊन सप्टेंबरमध्ये कालिकतला पोचला. एकाच सफरीत ब्राझील आणि हिंदुस्थान! पुस्तकाच्या दोन बाजूंना छापलेले दोन देश मुलींच्या डोळ्यांसमोर जवळ आले.

मग काय, बांधच फुटला. काजू मूळचा ब्राझीलचा आणि शब्दही तिथल्या लोकांच्या भाषेतून पोर्तुगिजांच्या तोंडी येऊन आपल्याकडे उतरला. अननसाचंही तेच. बटाटा पोर्तुगीज, पाव पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज, पगारसुद्धा. कोपऱ्यावर मी त्यांना बटाटवडा-पाव घेऊन दिला, तेव्हा एकजण म्हणाली, "म्हणजे आपण भूगोल खातोय!" त्या मुलीला ब्राझीलवरचं कुठलंही टीप-उत्तर आता पाठ करावं लागणार नाही.

इतिहासाचं पुस्तक तर गिरगावासाठीच लिहिलंय की काय, असं मला वाटत आलं आहे. २०१८ साली दहावीचा नवा अभ्यासक्रम आला, तेव्हा तिथे इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, मनोरंजनाची माध्यमे, खेळ, पर्यटन असे धडे आले. पुष्कळांनी नाकं मुरडली. मला तो बदल फार आवडला. मनोरंजनाच्या धड्यात सिनेमा येतो, आणि दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला लोकांपुढे आला तो याच गिरगावात, कॉरोनेशन चित्रपटगृहात. नाटकाचं म्हणाल, तर साहित्य संघ मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर. शेवटच्या 'ऐतिहासिक ठेव्यांचे जतन' या धड्यासाठी आख्खी वाडी समोर उभी आहे. पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोतांच्या नावावरून वाडीला हे नाव पडलं. इथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरं बांधली, बाहेरून चढणारे लाकडी जिने आणि पुढे व्हरांडे असलेली. त्या जुन्या घरांपैकी निम्म्याहून कमी आता उभी आहेत. त्यांच्या डोक्यावरून टॉवर डोकावतात. हे बघून मुलाच्या मनात काहीतरी हललं, तर त्याचे गुण कोण आणि कुठल्या रकान्यात देणार?

गुणांवरच ज्यांची श्रद्धा आहे, त्यांना मी २०१९ ची आठवण करून देते. २०१८ साली राज्याचा निकाल होता ८९.४१ टक्के. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. नंतर ते गुण परत दिले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के लागला. तीन वर्षांत मुलं मठ्ठ होऊन पुन्हा हुशार झाली असं कुणी म्हणणार नाही. मुंबईत ७७ टक्केवाल्या वर्षी घराघरांत झालेली रडारड मी पाहिली आहे. त्या मुलांची चूक काहीच नव्हती. वरच्या एका निर्णयाने हलणाऱ्या आकड्यावर तेरा वर्षांच्या मुलीची आवड ओवाळून टाकायची, हे मला कधीच पटलेलं नाही. आवडीने शिकलेलं मात्र त्या तीनही वर्षांत मुलांकडे तेवढंच राहिलं.

तर त्या शनिवारी आम्ही वाडीतून बाहेर पडत होतो. एका घराचा जिना मधोमध खचलेला होता. मुलीने वहीत त्याचं चित्र काढलं होतं. गेल्याच वर्षी तिने चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती, हात चांगला आहे. चित्राखाली तिने प्रश्न लिहिला: 'हा जिना दुरुस्त करायचे पैसे कोणी द्यायचे? घरमालकाने, सरकारने की आपण सगळ्यांनी?' मी धडा पुन्हा चाळून पाहिला. उत्तर त्यात नाही, कुठल्या अपेक्षित प्रश्नसंचातही नाही. मी तिला म्हटलं, "मला ठाऊक नाही बाळा. तू शोध आणि मला सांग."

तिची आई रस्त्यावर वाट पाहत उभी होती. साडेपाचला मुलीचा गणिताचा क्लास. वहीतलं चित्र बघून ती म्हणाली, "अगं, हा जिना मला माहितीय. लहानपणी नाताळात आम्ही इथे कुलकुल्या खायला यायचो." "कोणाकडे?" मुलीने विचारलं. आई सांगू लागली. मुलीने रस्त्यातच वही उघडली, पेन काढलं आणि नावं लिहून घ्यायला लागली. आई थांबून एकेक घर आठवत राहिली.

क्लासला ती अर्धा तास उशिरा पोचली.