गुलमर्ग नक्की

हमरापूरला उंची अशी नाहीच. आजूबाजूला खारेपाट, उधाणाच्या भरतीला बांधाकडे बघत बसायचं, आणि चढ म्हणून जो काही आहे तो रेल्वेच्या फलाटाचा. अशा गावात राहून दादा गेली कित्येक वर्षं स्कीइंगच्या सहलीचं नियोजन करत आहेत.

अशी माणसं तशी गावोगाव असतात. कुणी न घेतलेल्या गाडीचं ॲव्हरेज सांगतो, कुणी न बांधलेल्या बंगल्यातला जिना कुठून काढायचा यावर बायकोशी भांडतो. दादांनी मात्र या पंथात फार वरची पायरी गाठली आहे. त्यांचं स्वप्न बर्फावर आहे आणि धंदा गणपतीचा. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात घरटी एक कारखाना, दादांचाही आहे. त्यांची ऑर्डरची वही पुढून उघडली की मंडळांची नावं, इंच, ॲडव्हान्स आणि बाकी. मागून उघडली की गुलमर्ग. दोन्ही बाजूंनी ती भरत चालली आहे आणि मध्ये पाच-सहा कोरी पानं उरली आहेत. ती संपली की सहलीला जावंच लागेल, अशी वहिनींची भाबडी आशा आहे. दादांनी नवीन वही आणून ठेवली आहे.

पहिल्यांदा औली ठरलं होतं. त्याची घडी इतकी चोख बसवली होती की जोशीमठहून रोपवेत कोणी कुठल्या बाजूला बसायचं हेही लिहून झालं होतं. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, घरांना तडे गेले, रोपवे बंद झाला. दादा दोन दिवस कारखान्यात कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवरच्या ‘औली चलो’ ग्रुपचं नाव बदलून ‘गुलमर्ग’ झालं, पुढच्या वर्षी ‘गुलमर्ग फायनल’ आणि आता ‘गुलमर्ग नक्की’. सध्या त्यावर सुप्रभात आणि ‘टेम्पो वडखळला अडकलाय’ असे दोनच प्रकारचे संदेश येतात.

अडचण इच्छेची नाही, पैशाचीही फारशी नाही. अडचण पंचांगाची आहे. काश्मीरात २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हे चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’, म्हणजे थंडीचा कडाका. बर्फ त्यात आणि त्यानंतर फेब्रुवारीभर. नेमका तेव्हाच माघी गणपती येतो, आणि हल्ली माघीलाही मंडळं मोठ्या मूर्ती मागतात. ते उरकतं न उरकतं तोच परदेशी जाणारा माल पेटीत भरायचा, कारण बोटीने जाणाऱ्या बाप्पाला आधी निघावं लागतं. मग साचे, कच्चा माल, पॉलिश पेपर, रंग, आखणी. दादा मोकळे होतात ते अनंत चतुर्दशीनंतर. तेव्हा गुलमर्गला हिरवळीवर घोडे चरत असतात.

यावर दादांनी उपाय काढला तो न्यूझीलंडचा. पृथ्वीच्या खालच्या अंगाला तेव्हा हिवाळा संपत आलेला असतो आणि क्वीन्सटाउनच्या डोंगरांवर सप्टेंबरअखेरपर्यंत तरी स्की चालते. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. वेळ उत्तम जमत होती. पण ८ तारखेला पितृपक्ष लागला, आणि पितृपक्षात इतका लांबचा आणि इतका घसरडा प्रवास करायला आईने साफ नकार दिला. पितृपक्ष संपतो तो नवरात्रात, आणि नवरात्रात देवीच्या मूर्ती असतात. न्यूझीलंडचं पान दादांनी फाडलं नाही, फक्त दुमडलं.

त्याच वर्षी एक संधी खरीच आली होती. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा प्रश्न उच्च न्यायालयात होता, पेण तालुक्यातले कारखाने निम्मे थंड पडले होते, हातात वेळच वेळ. जूनमध्ये मूर्ती घडवायला मुभा मिळाली, पण फेब्रुवारीत दादा मोकळे होते. फेब्रुवारीत गुलमर्गला बर्फच पडेना. तिथले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ मार्चपर्यंत पुढे ढकलावे लागले. ‘इकडे पीओपी नाही, तिकडे बर्फ नाही,’ दादा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला दुःखापेक्षा सुटकाच जास्त ऐकू आली.

२०२६ ला तर त्यांनी चक्क अधिक मासाला हाताशी धरलं. अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरला गेली, म्हणजे हातात अठरा दिवस जास्त. या हिशेबावर ग्रुपमध्ये पेढे वाटल्याचं चित्र आलं. पण तोच हिशेब गिऱ्हाइकांनाही येत होता. अठरा दिवस जास्त आहेत म्हणून त्यांनी मूर्ती जास्त सांगितल्या. शिवाय माघी गणपती २२ जानेवारीलाच येऊन बसला, ऐन चिल्लई कलांत.

एवढं होऊनही दादांच्या ज्ञानाला तोड नाही. गुलमर्गला आमच्याकडची माणसं जाऊन आली आहेत, नाही असं नाही. टूरबरोबर जातात, तंगमर्गला भाड्याचे गमबूट चढवतात, वर स्लेजवर बसून एका काश्मिरी माणसाकडून स्वतःला ओढून घेतात, फेरन घालून फोटो काढतात आणि परत आल्यावर विचारलं तर ‘बर्फ खूप थंड होता’ एवढं सांगतात. दादा त्यांची उलटतपासणी घेतात. गोंडोलाचा पहिला टप्पाच केलात? तो १९९८ चा. दुसरा २००५ चा, तो अफरवटवर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो, तो का सोडलात? केंद्र सरकारची स्की शिकवणारी संस्था बघितलीत? १९६८ पासून आहे. जाऊन आलेला माणूस ओशाळतो आणि आपण नक्की गुलमर्गलाच गेलो होतो ना, या शंकेने तिकिटं शोधायला लागतो.

विरळ हवेची सवय व्हावी म्हणून दादांनी आधी माथेरानला दोन रात्री ठेवल्या आहेत. तिथली उंची ८०० मीटर, गुलमर्गची २,६५०. मधला फरक प्राणायामाने भरून निघेल. प्रवासाचं त्यांचं उत्तर तर ऐकण्यासारखं असतं. जून २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून ते हमरापूरच्या फलाटावर दिवा गाडीची वाट बघत उभे राहिले की रुळांकडे बोट दाखवून म्हणतात, ‘हे थेट काश्मीरपर्यंत जोडलेत आता.’ गाडी येते आणि दादा पेणला दळण आणायला जातात.

एकदा दुपारी मी कारखान्यात गेलो तर काम थांबलेलं. मूर्ती घासून पडलेली पांढरी भुकटी जमिनीवर पसरली होती. त्यात दादा दोन फळ्यांवर उभे, पाय सुतळीने बांधलेले, हातात बांबूच्या दोन काठ्या. ‘स्नोप्लाऊ’ दाखवत होते. ‘पुढची टोकं जवळ, मागची लांब. गुडघे वाकवायचे, नडगी बुटाच्या पुढच्या बाजूवर दाबायची. भ्यालात आणि मागे झुकलात की संपलं.’ पोरं ब्रश हातात धरून गंभीरपणे ऐकत होती. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर तेवढा ओरडला, ‘दादा, रॅक हलवू नका, नजर तिरकी होते!’ दादा जागचे हलले नव्हते. हलण्यासारखा उतारच तिथे नव्हता.

नवशिक्याची स्की साधारण त्याच्या हनुवटीपर्यंत असावी, म्हणून खांबावर पेन्सिलीने घरातल्या सगळ्यांच्या हनुवटीच्या खुणा केल्या आहेत. त्याच खांबावर मूर्तींच्या उंचीच्याही खुणा आहेत. परवा एक मंडळवाला खालपासून वर वाचत गेला, ‘हा अडीच फुटी, हा तीन फुटी...’ आणि थोडं वर बोट ठेवून त्याने विचारलं, ‘ही वहिनी केवढ्याला?’

बर्फातला गॉगल मात्र खरा, चांगला महागाचा. तो घालून दादा मूर्तींना सोनेरी स्प्रे मारतात. कंपनीने लिहिल्याप्रमाणे वाफ धरत नाही, हे त्यांनी मे महिन्यात सिद्ध केलं.

घरच्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. वहिनींनी सुकट, सोडे आणि पोह्याचे पापड यांची यादी केली असून तिथे भाकरीचा तवा मिळेल का, हा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. आई म्हणते, ‘मावऱ्यावर टाकतात तो बरफ काय कमी हाय का?’

आणि आता ताजी बातमी. ठाण्याकडच्या एका मंडळाचा काश्मीरचा देखावा ठरला आहे आणि त्यांना स्कीइंग करणारा बाप्पा हवा आहे. मोबाइलवरचं चित्र दादांनी एका नजरेत नापास केलं. ‘गुडघे ताठ आहेत. पहिल्या उतारावर पडेल.’ मग वही घेऊन बसले, मागच्या बाजूने. बाप्पाचा स्नोप्लाऊ ठरला. दोन हातांत काठ्या, एक हात आशीर्वादाचा, चौथ्यात मोदक. चार हात असणाऱ्याला स्की सोपी जाते, हे दादांचं निरीक्षण. उंदराला स्लेजवर बसवायचं, कारण त्याने कोर्स केलेला नाही. मंडळाचा अध्यक्ष ऐकून गार पडला. ॲडव्हान्स मोजता मोजता त्याने अदबीने विचारलं, ‘दादा, तुम्ही कधी गेला होता गुलमर्गला?’

‘जानेवारीत,’ दादा म्हणाले आणि पावती फाडली. कुठल्या जानेवारीत ते अध्यक्षाने विचारलं नाही.