रोबोट स्पर्धेस नेण्याचा यथासांग विधी

रोबोट काय, सेकंड इयरचं पोरही बनवतं. खरी विद्या तो बांधून, भरून, धड अवस्थेत मैदानावर उतरवण्याची. रोबोकॉनची राष्ट्रीय फेरी बालेवाडीला व्हायची तेव्हा पुण्याच्या पोरांना सगळं टेम्पोत घातलं की भागायचं. राहिलेली वस्तू कुणीतरी स्कूटरवर आणून द्यायचं. आता दिल्ली गाठावी लागते. सबब धाकट्यांसाठी हा विधी.

१. यादी : निघण्याच्या आदल्या रात्री दोन वाजता करावी. आधी केली तर ती पाळावी लागते. ‘इतर साहित्य’ असा एक रकाना पाडून निम्मं सामान त्यात घालावं. डब्यांवर नावं लिहू नयेत; प्रत्येक डबा उघडून पाहण्यातच टीमची एकजूट दिसते.

२. पाने : दहा-अकराचे तीन घ्यावेत. एम-सिक्सच्या नटाला दहाचा लागतो आणि आपल्या रोबोटचा प्रत्येक सांधा एम-सिक्सवर उभा असतो. पहिला पाना हरवतो, दुसरा शेजारची टीम ‘दोन मिनिटांसाठी’ नेते, तिसऱ्यावर स्पर्धा होते. एम-फोरच्या बोल्टला चारची अ‍ॅलन की लागते, असं ज्युनिअर ठामपणे सांगेल. लागते तीनची. त्याला अडवू नये. बोहरी आळीत दोनदा हेलपाटा झाला की जन्मात विसरत नाही.

३. बॅटरी : लिपोचा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. नुसता ठेवायचा तर ३.८ च्या आसपास असावा. फुगलेल्या बॅटरीला ‘जरा गॅस झालाय’ म्हणणारा एक सीनिअर प्रत्येक टीममध्ये असतो. अशी बॅटरी घरी ठेवावी. सीनिअरलाही. विमानाने जाण्याइतके पैसे कॉलेजने दिलेच, तर गुणाकार करावा : सहा सेलची ५००० एमएएचची बॅटरी १११ वॉट-अवर भरते आणि विमान कंपनीला न विचारता १०० च्या वर नेता येत नाही. सर विमानाने आणि मुलं झेलमने, ही प्रथा पडण्यामागे असं शास्त्र आहे.

४. सेन्सर : वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली लाइन सेन्सर डोळे मिटून रेघ पकडतो. स्टेडियमच्या झगझगाटात त्याला रेघ आणि जमीन एकच दिसू लागते. वेदान्तात ही वरची पायरी असली तरी स्पर्धेत शून्य गुण मिळतात. सेटिंगचा चिमुकला स्क्रूड्रायव्हर खिशात असू द्यावा. तो खिसा धुवायला टाकू नये.

५. नारळ : फोडावाच. २००८ साली एबीयू रोबोकॉन पुण्यात भरली तेव्हा विषयच गोविंदाचा होता, यंत्रांनी लोणी पळवलं. आपण नारळाला लाजू नये. मात्र रोबोटपासून चार हात लांब फोडावा. नारळाच्या पाण्यातून वीज जाते आणि मोटर ड्रायव्हरला प्रसाद चालत नाही.

६. वजन : हे घरीच करावं. आम्ही स्पर्धेच्या ठिकाणी केलं. काटा मर्यादेपेक्षा चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. दोन मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये दहाचं भोक पाडलं की अर्धा ग्रॅमही कमी होत नाही. म्हणजे शंभरेक भोकं. रात्रभर आळीपाळीने ड्रिल धरलं. पहाटेपर्यंत फ्रेमची चाळण झाली, कपडे चंदेरी झाले आणि आम्ही पास झालो. दुसऱ्याच मॅचला फ्रेम भोकाच्या रेषेत वाकली.

७. परतल्यावर : रोबोट लगेच खोलावा. आम्ही खोलला. बॅटरीच्या ट्रेखाली, दोन झिप टायच्या बेचक्यात, पहिला दहा-अकराचा पाना निवांत पडला होता. समोरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवला. बेचाळीस ग्रॅम.

वाणी म्हणाला, ‘‘अजून काय देऊ?’’