जिन्यावरची पेटी

मैफल संपते. गायकाच्या पाया पडायला रांग लागते, तबलजी हातोडी पिशवीत टाकून चहाकडे वळतो आणि पेटीवाला मात्र मंचाच्या कोपऱ्यात उभा राहून जिन्याकडे बघत असतो. सभागृह दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद आणि खोक्यासकट पेटी पंधराएक किलोंची. मानधनाचं पाकीट त्या मानाने फारच हलकं.

पेटीवाल्याचा धंदाच असा. सूर लागला तर बुवांची तपश्चर्या. नाही लागला तर 'पेटी चढी आहे का हो?' ऐन वेळी बुवांचा घसा बसतो आणि काळी दोनची मैफल काळी एकवर येते. 'जरा कमीच वाजवा' ही सूचना तर पेटीचा माइक बंद असतानाही मिळते.

पण आजच्या पेटीवाल्याने फार कुरकुर करू नये. त्याच्या आजोबांना याहून मोठा टोला बसला होता. पेटी मूळची पॅरिसची. देबें नावाच्या फ्रेंच माणसाने १८४२ साली तिचं पेटंट घेतलं. भारतात आल्यावर ती पायाऐवजी हाताने भाता मारून घ्यायला शिकली, मांडी घालून बसली, कीर्तनापासून तमाशापर्यंत सगळीकडे रुळली. तरी तिचं परकेपण लोक विसरेनात. तिच्यावर मींड निघत नाही, बारा स्वर जागच्या जागी ठोकून बसवलेले, श्रुतींचा पत्ता नाही, असे तिच्यावरचे आरोप. आरोप खरेच होते, हीच पंचाईत. अखेर मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला स्टुडिओबाहेर काढलं.

गंमत म्हणजे रेडिओचे प्रमुख लायोनेल फील्डन इंग्रज, आणि पेटी नको म्हणणाऱ्यांत खुद्द रवींद्रनाथ ठाकूर. साहेब आणि स्वदेशी यांचं ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत झालं, त्यात बिचारी पेटी सापडली. पुढे साहेब गेला, बंदी राहिली. ती उठली १९७१ साली, तीही अंशतः. साथीला चालेल, एकटीने वाजायचं नाही! एकतीस वर्षं म्हणजे सरकारी नोकराची अख्खी नोकरी.

मग पेटीवाल्यांनी पोट कसं भरलं? कुणी शिकवण्या धरल्या, कुणी नाटक, कुणी भजनी मंडळ. एकाच डगरीवर पाय ठेवायचा नाही, हे शहाणपण पेटीवाल्यांत बंदीच्या आधीपासून होतं. गोविंदराव टेंबे पेटी घेऊन गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसत. त्यांनी 'मानापमान' नाटकाला चाली दिल्या, गंधर्व नाटक मंडळीत भागीदारी केली, ती सोडून स्वतःची शिवराज मंडळी काढली. तीही बसली. तेव्हा पन्नाशी उलटल्यावर हे गृहस्थ १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या चित्रपटात हरिश्चंद्र होऊन उभे राहिले आणि संगीतही स्वतःच दिलं. राज्य गेलेल्या राजाची भूमिका करायला त्यांना फारशी तालीम लागली नसावी.

पु. ल. देशपांड्यांचं तर आणखीच मजेशीर. इतका रंगून पेटी वाजवणारा माणूस १९५५ साली नोकरीला लागला तो आकाशवाणीत, जिथे पेटीला मज्जाव होता!

तेव्हा पुढच्या मैफलीनंतर बुवांच्या पाया जरूर पडा. मग रांगेतून बाहेर येऊन पेटीची एक कडी धरा. जिना अरुंद असतो आणि दिवा बहुधा गेलेला असतो.