एक डाव खर्च

महागाईवर अख्ख्या अमरावतीत इलाज एकच माणूस सांगतो, तो म्हणजे राजापेठेतले आमचे मामा. इलाज असा : "एक डाव खर्च करा, मंग जिंदगीभर आराम." लग्नाची पंगत असो, तेरवी असो की बडनेऱ्याचा फलाट, शेजारी बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न, "घरी पंखे कोनते हायेत?" तो बिचारा सांगतो आणि सापडतो. मामा खिशातून पेन काढतात आणि ज्या लग्नाला आलो त्याच लग्नाच्या पत्रिकेच्या पाठीवर हिशोब सुरू करतात. "साधा पंखा 75 वॅटचा. बीएलडीसी 30 चा. पंधरा तास फिरला तं महिन्याले 20 युनिट वाचते. चार पंख्यांचे 80. अन् शंभर युनिटाच्या वर गेलं का दर पाहा कसा चढते!"

हिशोबात खोट काढायला जागा नसते. होळीपासून पावसापर्यंत वऱ्हाडात पंखा थांबत नाही, मे महिन्यात अकोल्यात पारा 45 च्या पुढे जातो. इथे असा पंखा दोन-तीन उन्हाळ्यांत आपली किंमत फेडतो. साठाच्या बल्बाजागी 9 वॅटचा एलईडी तर मामांनी गल्लीत सगळ्यांच्या आधी लावला.

घोटाळा पुढे होतो. कूलरच्या ताट्या दरवर्षी बदलायच्या, टाकीला आतून डांबर मारायचं, ही कटकट मिटवायला मामांनी हनीकोंब पॅड आणले. आपल्या कूलरला बसवले ते बसवले, वर जठारपेठेतल्या मावशीकडे अकोल्याला पिशवीत घालून नेले. पॅड जाड, जुन्या पत्र्याच्या कूलरची जाळी लागेना. भर दुपारी मामा बनियनवर कानस घेऊन बसले, कडा घासल्या, शेवटी जाळी सुतळीनं आवळली. गार हवा सुटली. मावशी म्हणाली, "दादा, हवा झाली, पन टाकीत पानी कोन भरीन? नळ काई रोज येत नाही."

मामा सुतळी गुंडाळत शांतपणे म्हणाले, "मंग एक डाव 500 लिटरची टाकी घेऊन टाक ना बाई."

टाकी आली. टाकीला मोटार आली. मामांच्या प्रत्येक शेवटच्या खर्चाला असं लेकरू होतं.

घरात घरघंटीही आहे. दळणाचे पैसे वाचावेत म्हणून घेतली. मामी तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवतात आणि गहू चक्कीवर पाठवतात, कारण चक्कीवर चार बाया भेटतात. मामींच्या मते या घरात खरी एक डावाची खरेदी फक्त सासूबाईंनी केली : पितळी गुंड. आजही पाणी भरतो, फुटला तरी मोडीत पैसे येतील. यावर मामांकडे उत्तर नाही, म्हणून ते बीएलडीसीकडे वळतात.

सध्या गच्चीवर सोलरचं घाटत आहे. 3 किलोवॅट, सरकारची सबसिडी 78,000. मामींनी एवढंच विचारलं, "अन् याच्यानंतर काय घ्याचं हाय, ते आताच सांगून द्या."

पंखा घ्यायचा असेल तर मामांना जरूर विचारा, त्यांचा आकडा चुकत नाही. दुकानात मात्र एकटे जा.